पाच मिलिमीटरची दोन अक्षरं

मोबाईलचा चार्जर सॉकेटमधून काढा आणि उलटा करून बघा. मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत व्होल्ट, अँपिअर, फुली मारलेली कचरापेटी असं बरंच काही दिसेल. त्या गर्दीत बहुतेक वेळा दोन गोलसर रोमन अक्षरंही असतात: सी आणि ई. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतरच्या नोकरीत मी ती हजार वेळा पाहिली असतील. कुणी अर्थ विचारला असता, तर 'युरोपने पास केलेला माल' असं मी बेधडक सांगितलं असतं.

ते चूक आहे हे मला २०२५च्या सुरुवातीला कळलं, आणि त्याची फी पंचेचाळीस हजार रुपये पडली. मला नाही, आमच्या मालकांना.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. औषधं आणि खाद्यपदार्थ थंड ठेवणाऱ्या गोदामांसाठी आम्ही तापमान नोंदवणारी यंत्रं बनवतो. तळहाताएवढा डबा, आत सेन्सर आणि वायफाय. त्यात चालणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. मालकांना सगळे काका म्हणतात. नेदरलँड्समधल्या एका खरेदीदाराला आमचे नमुने आवडले, चारशे नगांची ऑर्डर द्यायला तो तयार झाला, फक्त 'सीईचं तेवढं बघा' म्हणाला. काकांनी ओळखीतून एक सल्लागार गाठला. सात दिवसांत सीई, अशी त्याची हमी होती. सातव्या दिवशी सोनेरी किनारीचं, उठावाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र आलंही. काकांनी ते फ्रेम करून रिसेप्शनमध्ये गणपतीच्या शेजारी लावलं. यंत्र मात्र सल्लागाराने हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

खरेदीदाराचं उत्तर तीन ओळींचं होतं. हे प्रमाणपत्र आम्हाला नको, कायद्यात त्याला जागाच नाही. तुमचं स्वतःचं घोषणापत्र आणि तांत्रिक फाईल पाठवा. सही कोण करणार तेही कळवा.

"म्हणजे सही आपणच करायची? मग तपासतं कोण?" काकांनी मला विचारलं.

प्रश्न सोपा होता. उत्तर शोधताना मी पन्नास वर्षं मागे, थेट दारूच्या बाटल्यांपर्यंत पोचलो.

*

१९५७ साली रोममध्ये सहा देशांनी करार केला आणि सामायिक बाजारपेठेचं स्वप्न कागदावर आलं. आपापसातली जकात १९६८पर्यंत गेली. पण जकात गेली म्हणून वाट मोकळी झाली नाही. प्रत्येक देशाचे आपले नियम होते: बाटली कशी असावी, वायर कुठल्या रंगाची असावी, कागद कुणाच्या सहीचा असावा. नाक्यावरचा माणूस पैसे मागत नसे, 'हे आमच्याकडे चालत नाही' एवढंच म्हणे. आडवायला तेवढं पुरे.

बेल्जियममध्ये डासोनव्हिल नावाचे बापलेक व्यापारी होते. त्यांनी फ्रान्समध्ये रीतसर विक्रीला असलेली स्कॉच व्हिस्की विकत घेतली आणि बेल्जियममध्ये आणली. बेल्जियमचा कायदा सांगत होता की स्कॉचला ब्रिटिश सरकारचा मूळस्थानाचा दाखला हवा. थेट ब्रिटनमधून माल आणणाऱ्याला तो सहज मिळे. फ्रान्समधून फिरून आलेल्या बाटलीला तो मिळवणं फार अवघड. बापलेकांनी बाटल्यांवर स्वतःच तशा दाखल्याचा उल्लेख असलेल्या चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांच्यावर बनावटगिरीचा खटला भरला गेला. (जुगाड ही फक्त आपली मिरास नाही, एवढं यातून कळतं.) प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. जुलै १९७४मध्ये न्यायालय म्हणालं की सदस्य देशांमधल्या व्यापाराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, आज वा पुढे कधी अडथळा ठरू शकेल असा कुठलाही व्यापारी नियम हा आयातबंदीसारखाच धरला जाईल. चिठ्ठी चिकटवणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या निमित्ताने केवढं मोठं दार उघडलं!

पाच वर्षांनी दुसरी बाटली आली. फ्रान्सच्या दिजाँ शहराची ओळख असलेलं कासिस हे काळ्या मनुकेसारख्या बोरांचं लिक्युअर. त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीतल्या रेवे या कंपनीला ते आणून विकायचं होतं. जर्मन कायदा म्हणत होता की फळांच्या लिक्युअरमध्ये किमान २५ टक्के अल्कोहोल पाहिजे. किमान, कमाल नव्हे. सरकारचा युक्तिवाद वाचून मी मेट्रोत एकटाच हसलो होतो. म्हणे, सौम्य दारू बाजारात आली तर लोकांना पिण्याची सवय सहज लागेल, म्हणून आरोग्यासाठी कडक दारूच बरी! २० फेब्रुवारी १९७९ला न्यायालयाने हे फेटाळलं. ग्राहकाला फसवणूक वाटू नये असं वाटत असेल, तर बाटलीवर टक्केवारी छापा, असं सुचवलं. एका देशात कायदेशीरपणे बनून विकली जाणारी वस्तू दुसऱ्या देशात सहसा अडवता येणार नाही, हे तत्त्व इथून रुजलं.

पण त्या निकालात एक फट होती, आणि ती असायलाच हवी होती. आरोग्य, सुरक्षितता, ग्राहकाचं रक्षण अशा खऱ्या कारणासाठी देश माल अडवू शकत होते. लिक्युअरच्या बाबतीत हे कारण हास्यास्पद होतं. लाकूड कापायच्या यंत्राच्या बाबतीत ते अजिबात हास्यास्पद नव्हतं, कारण तिथे बोटं जातात. यंत्रं, खेळणी, विजेची उपकरणं यांच्यासाठी सगळ्यांचा मिळून एक नियम लागणारच होता.

*

तो नियम करायची जुनी पद्धत म्हणजे सगळा तपशील कायद्यातच लिहायचा. ट्रॅक्टरचालकाची सीट कशी असावी यावर १९७८चा एक स्वतंत्र कायदा होता. गवत कापायच्या यंत्राने किती आवाज करावा यावर १९८४चा. आणि रोम कराराच्या कलम १०० नुसार असा प्रत्येक कायदा एकमताने व्हायला हवा होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटचा रंग एकमताने ठरवून बघा, मग इथे काय होत असेल ते कळेल. वास्तुविशारदांच्या पदव्या एकमेकांनी मानायच्या या एका कायद्याला सतरा वर्षं लागली. तोवर यंत्रं बदलत, तंत्र बदलत, आणि कायदा छापून येईपर्यंत म्हातारा होई.

यातून निघायची वाट एका वेगळ्या कायद्यात आधीच होती. फेब्रुवारी १९७३मध्ये कमी दाबाच्या विद्युत उपकरणांचा कायदा झाला होता. इथे 'कमी' म्हणजे एसीमध्ये ५० ते १००० व्होल्ट, म्हणजे आपल्या घरातलं सगळंच आलं. तो लिहिणाऱ्यांनी फार कमी लिहिलं: उपकरण माणसाला, जनावराला, मालमत्तेला धोका ठरू नये. तो कसा ठरू नये, हे विद्युत अभियंत्यांच्या मानकांवर सोडलं.

७ मे १९८५ला मंत्रिपरिषदेने हीच युक्ती सगळीकडे लावायचं ठरवलं. तिला 'नवा दृष्टिकोन' म्हणतात. कायदा फक्त अत्यावश्यक अपेक्षा सांगेल. तपशील सेन, सेनेलेक आणि १९८८पासून एत्सी या युरोपीय मानकसंस्थांमधले अभियंते लिहितील. मानक पाळणं सक्तीचं नाही. पाळलं, तर कायदा पाळला असं गृहीत धरलं जाईल. नाही पाळलं, तर आपली वाट तितकीच सुरक्षित आहे हे तुम्ही दाखवून द्यायचं.

कोड लिहिणाऱ्या कुणालाही हे ऐकल्यावर ओळखीचं वाटेल. इंटरफेस एकाने लिहायचा, इम्प्लिमेंटेशन दुसऱ्याने, आणि आतलं बदललं तरी इंटरफेस मोडायचा नाही. आमच्या शाखेने हे शोधलं असं आम्हाला उगाच वाटत असतं. ब्रसेल्समधले सुटाबुटातले लोक तेव्हा तेच करत होते, आणि त्यांच्या सिस्टिमचे वापरकर्ते कोट्यवधी होते.

त्याच जूनमध्ये लॉर्ड आर्थर कॉकफील्ड यांनी १९९२ अखेरपर्यंत एकसंध बाजार उभा करण्याची योजना मांडली. त्यात तीनशेच्या आसपास कायद्यांची तारीखवार यादी होती. हा माणूस एकेकाळी बूट्स ही औषधदुकानांची साखळी चालवत होता, आणि त्याला ब्रसेल्सला पाठवलं होतं मार्गारेट थॅचर यांनी. काम त्याने इतकं मनापासून केलं की थॅचरबाईंनी त्याला दुसऱ्यांदा नेमलंच नाही. १९८६च्या करारदुरुस्तीने अशा बहुतेक कायद्यांसाठी एकमताची अट काढली आणि गाडी धावू लागली. नव्या पद्धतीचा पहिला कायदा १९८७चा, साध्या दाबाच्या टाक्यांवरचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली जी हवेची टाकी असते, तसल्या टाक्या. मग १९८८ला खेळणी, १९८९ला यंत्रसामग्री.

एवढं करूनही भिंतीतल्या सॉकेटचं काही जमलं नाही, ते नाहीच. घरगुती प्लग आणि सॉकेट त्या विद्युत कायद्यातून चक्क वगळले आहेत. लंडनहून पॅरिसला जाणारा माणूस आजही बॅगेत अॅडॅप्टर टाकतो.

सुरुवातीच्या कायद्यांत या खुणेला 'ईसी मार्क' म्हणत. १९९३च्या दुरुस्तीने 'सीई मार्किंग' हे नाव पक्कं केलं. फ्रेंचमधला त्याचा फुल फॉर्म सगळीकडे सांगितला जातो, पण कायदा तो सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की ही खूण करून उत्पादक जाहीर करतो की माल नियमांत बसतो.

उत्पादक. माझी गाडी इथे अडली होती.

आपल्याकडे आयएसआयची खूण वापरायची तर परवाना लागतो. त्यासाठीचा कायदा १९५२चा, आणि आज तो परवाना भारतीय मानक ब्युरो देतं. वर कुणीतरी बसलेलं असतं आणि ते शिक्का देतं, ही आपली सवय. सीईमध्ये बहुतेक मालासाठी वर कुणीच बसलेलं नसतं. तुम्हीच चाचण्या करायच्या किंवा करून घ्यायच्या, धोके लिहून काढायचे, फाईल बनवायची, सही करायची आणि खूण लावायची. ज्या वस्तूंमध्ये जोखीम जास्त, जसे काही वैद्यकीय उपकरणं किंवा मोठी दाबपात्रं, तिथेच बाहेरची 'अधिसूचित संस्था' मध्ये येते आणि खुणेशेजारी तिचा चार आकडी क्रमांक बसतो. बाकी ठिकाणी सरकार बाजारात माल आल्यावर हवा तो डबा उचलतं आणि म्हणतं, फाईल दाखवा.

आपण 'सर्टिफिकेट' या शब्दावर फारच लवकर भाळतो, आणि सोनेरी किनारीवाल्यांचा धंदा त्यावर चालतो. भाळणारे युरोपातही कमी नाहीत. सी आणि ई जवळजवळ छापले की त्याचा अर्थ 'चायना एक्सपोर्ट' होतो, अशी एक गोष्ट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असेल. ती युरोपीय संसदेपर्यंत पोचली होती. २००८च्या सुरुवातीला आयोगाने उत्तर दिलं की अशी कुठली खूण असल्याचं आम्हाला माहीत नाही, ती मापं न पाळता छापलेली सीईच असावी. त्यापुढचं अधिक महत्त्वाचं आहे. अक्षरांमधलं अंतर अचूक असलं म्हणून आतला माल चांगला ठरत नाही, आणि खोटं बोलणाऱ्याला पट्टीने मोजून छापायला काहीच अडचण नसते.

*

अशा एका खोट्याची गोष्ट दक्षिण फ्रान्सच्या ला सेन-सुर-मेर या गावातली. तिथे झाँ-क्लोद मास याने १९९१मध्ये पीआयपी नावाची कंपनी काढली. ती स्तनरोपणासाठी सिलिकॉन जेलच्या पिशव्या बनवी. कर्करोगानंतर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियाही त्या बसवून घेत. ही जोखमीची वस्तू, म्हणून इथे बाहेरची संस्था होती: जर्मनीची ट्यूव्ह राइनलँड. कागद नीट होते. तपासणीस यायचे, पण आधी कळवून. ते येण्याआधी मास याचे लोक पुरावे हलवायचे. मार्च २०१०मध्ये फ्रेंच आरोग्य यंत्रणेने कारखाना तपासला, तेव्हा उघड झालं की मंजूर झालेल्या वैद्यकीय जेलऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरलं जात होतं. जगभरात तीन लाखांहून जास्त स्त्रियांच्या शरीरात त्या पिशव्या होत्या. फाटण्याचं प्रमाण जास्त होतं. फ्रान्सने २०११ अखेर त्या काढून घेण्याचा सल्ला दिला. ज्या बाईने आधीच एक शस्त्रक्रिया सोसली आहे, तिला पुन्हा टेबलावर झोपायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

मास याला २०१३च्या डिसेंबरमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. तपासणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं चालला. एका जर्मन रुग्णाच्या दाव्यात २०१७ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की तेव्हाच्या कायद्यानुसार अशा संस्थेवर अचानक धाड घालण्याचं, वस्तू उघडून बघण्याचं किंवा खरेदीच्या वह्या चाळण्याचं सर्वसाधारण बंधन नव्हतं. काही चुकतंय असा पुरावा समोर आला, तरच ते बंधन येतं. फ्रान्समधल्या न्यायालयांत निकाल कधी या बाजूने, कधी त्या बाजूने लागत राहिले. त्याच वर्षी वैद्यकीय उपकरणांचा कायदा बदलला. आता किमान पाच वर्षांतून एकदा न सांगता तपासणी करावीच लागते.

या प्रकरणाने काकांचा प्रश्न माझ्यासाठी उलटा केला. ते विचारत होते, तपासतं कोण. इथे तपासणारा होता, आणि तरी ते घडलं. पीआयपीमध्ये जे लोक रोज पिंपं रिकामी करत होते, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग मी माझा स्वतःचा कोड उघडला.

*

२०१७ साली जर्मनीने एका बाहुलीवर बंदी घातली. तिचं नाव 'माय फ्रेंड केला'. ती मुलांशी बोलायची, इंटरनेटवरून उत्तरं आणायची, आणि आजूबाजूच्या कुणाचाही फोन ब्लूटूथने तिला जोडता यायचा. पासवर्ड नाही, काही नाही. जर्मन नियामकाने तिला लपवलेलं टेहळणी यंत्र ठरवलं. खेळण्यांचा कायदा डोळे निघून घशात अडकतील का, रंगात शिसं आहे का, हे विचारत होता. घराबाहेरचा माणूस बाहुलीतून मुलाशी बोलू शकेल का, हे १९८८मध्ये कुणाला सुचणार?

आता ते सीईत आलंय. १ ऑगस्ट २०२५पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागू झाल्या. आमचा डबा वायफायवाला, म्हणजे त्यात आलाच. त्यासाठीचं मानक जानेवारी २०२५मध्ये अधिकृत यादीत आलं, पण एका टिपेसह: वापरकर्त्याला पासवर्ड न ठेवण्याची मुभा असेल, तर मानक पाळलं तरी कायदा पाळला असं गृहीत धरणार नाही. मग बाहेरच्या संस्थेकडे जा.

आमच्या डब्याच्या सेटअपमध्ये 'नंतर करू' असं बटण होतं. ते दाबलं की पासवर्ड न ठेवता पुढे जाता यायचं. ते मीच लिहिलं होतं, एका शुक्रवारी संध्याकाळी. गोदामातले लोक हातमोजे घालून टाईप करायला कंटाळतात, म्हणून. या डब्यावर लशींचं तापमान नोंदलं जाणार होतं. त्याच नेटवर्कवरचा कुणीही ती नोंद बदलू शकला असता. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

डिसेंबर २०२७मध्ये याहून मोठा कायदा पूर्णपणे लागू होईल, सायबर रेझिलियन्स अॅक्ट. त्यात नुसतं सॉफ्टवेअरही येतं, डबा असो वा नसो. सॉफ्टवेअरवर स्टिकर कुठे लावणार? तर घोषणापत्रावर किंवा वेबसाईटवर खूण करायची. तुम्ही पुण्यात बसून युरोपात विकलं जाणारं अॅप लिहीत असाल, तर ही दोन अक्षरं तुमच्या दारात आलीच समजा.

बटण काढलं. धोक्यांची यादी करायला बसलो, ती बावीस पानांची झाली. त्यातली निम्मी पानं लिहिताना पोटात गोळा येत होता. ऑर्डर दोन महिने पुढे गेली आणि चारशेची अडीचशे झाली. घोषणापत्राच्या नमुन्यात एक वाक्य ठरलेलंच असतं: हे सर्वस्वी उत्पादकाच्या जबाबदारीवर दिलं जात आहे. काकांनी ते दोनदा वाचलं. "तुझं नाव कुठे लिहायचं?" म्हणाले. मी सांगितलं, तशी जागा नाही. त्यांनी सही केली आणि फाईल कपाटात ठेवली. ती दहा वर्षं जपायची आहे. रिसेप्शनमधली फ्रेम तशीच आहे. गणपतीशेजारची जागा रिकामी दिसेल म्हणतात.

लेबलं छापून आली तेव्हा मी पट्टी घेऊन बसलो. सीईची उंची सव्वाचार मिलिमीटर भरली. नियम किमान पाचचा. सगळी लेबलं रद्द करून नवी मागवली. ती आली त्या रात्री रेडिओ उपकरणांच्या कायद्याचं कलम १९ वाचनात आलं: उपकरणाच्या स्वरूपामुळे गरज असेल तर खूण पाचपेक्षा लहान चालेल, दिसली आणि वाचता आली म्हणजे झालं. काकांना हे सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस काढले. सांगितलं. जुनी लेबलं आता ऑफिसातल्या डब्यांवर, स्टेपलरवर, चहाच्या थर्मासवरसुद्धा चिकटवलेली आहेत.